पंचविसाची जुडी

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं
तेव्हा पहाटेचे तीन.
मी रातपाळीवरून नुकताच परतलेलो,
कानात अजून माग खडखडत होते.
पहिली कळशी अम्माच्या वजूची,
मग पिण्याचं, मग बाकीचं जग.

अम्मा आता खाटेवर बसूनच नमाज पढते.
गुडघे विडीच्या सुपापाशी गेले,
चाळीस वर्षं एकाच मांडीवर.
सलाम फिरवला की तसबीह घेते
आणि बोटं आपोआप वळू लागतात.
पंचविसाला थांबते.
अंगठ्यानं दोरा गुंडाळल्यासारखं करते,
जुडी बांधून बाजूला ठेवते
आणि पुन्हा एकपासून.

तेहतीस असतात, अम्मा,
मी एकदा बोलून गेलो.
ती दचकली. कारखान्यात
तपासनिसापुढं बसायची, तशी.
"इत्ते सालां की सब छाटच निकली क्या रे?"

तिथं छाट काढत नाहीत, म्हणालो,
आणि लोटा भरलेला होता तरी
भरत राहिलो.
तेव्हापासून मी मोजत नाही.

जुम्म्याला मौलाना म्हणाले,
जन्नत आईच्या पायाखाली.
सगळ्यांच्या माना हलल्या, माझीही.
घरी येऊन तो पाय मांडीवर घेतला.
भेगांत जुन्या घरांची माती,
नखं शिंगासारखी,
अर्धा तास कोमट पाण्यात ठेवल्याशिवाय
नेलकटर लागत नाही.
करंगळीला लागलंच माझ्या हातून.
आईबापाला उफ् म्हणू नका, असं सांगितलंय.
तिनंच मला उफ् म्हटलं नाही.

गल्लीत म्हणतात, इलाहीबक्ष नशीबवान,
आईची खिदमत करतो.
मी आठवड्यातून एकदा नखं काढतो.
कडक भाकरी वरणात भिजवून भरवणं,
रात्री दोनदा उठवून नेणं,
चादर ओली झाली तर कुणाला न कळता बदलणं,
हे शमशादचं.
विडीच्या कार्डासारखं झालंय सगळं,
नाव एकाचं,
वळणारे हात दुसऱ्याचे.

"तुझ्या अम्मीची नखं कोण काढतं?"
तिनं बादली खाली ठेवली.
बोलली नाही.
मग म्हणाली, "नळ बंद करा, वाया चाललंय."

सुट्टीच्या दिवशी मैंदर्गीची एसटी धरली.
अम्मापाशी शेजारची नरसव्वा बसली,
दोघी एकाच कारखान्यातल्या,
तोंडं एकदा सुरू झाली की थांबत नाहीत.
सासूबाईंनी मला पाहून पाय पदरात ओढले,
जावयानं हात लावायचा असतो का!
मग शमशादनंच तो पाय धरला.
माझ्याकडं काम एवढंच,
चुलीवरून पाणी आणायचं,
गार झालं की बदलायचं.
मी चार वेळा बदललं.
मायलेकी बोलत होत्या
मी कधी न ऐकलेल्या माणसांबद्दल.
येताना एसटीत शमशाद खिडकीला डोकं टेकून झोपली,
पदराला साबणाचा वास.

रात्री अम्मानं विचारलं, कुठं होतास?
सांगितलं.
तसबीह फिरत होती. पंचविसाला थांबली.
बांधलेली जुडी
हवेतच माझ्या तळहातावर ठेवली.
"ये उस की अम्मी कू दे."

मूठ मिटूनच मी कामावर निघालो.