कोण गेलं?

गावात बाई धावली
की कुणीतरी गेलेलं असतं.
म्हणून पहिल्या पहाटे शेवंताकाकू
गडग्यावरून ओरडल्या, ‘कोण गेलं गो?’
मला बोलवेना. हातानंच म्हटलं, कुणी नाही,
आणि सुरूच्या तिसऱ्या झाडाला धरून वाकले.

तिसरं झाड. पुढे महिनाभर तेवढंच माझं गुहागर.

मुलीनं पाठवलेल्या तक्त्यात लिहिलंय :
सहावा आठवडा, सलग वीस मिनिटं.
तक्त्याला तिथी कळत नाही.
अष्टमीला त्या वेळी पुळण पाण्याखाली,
मग मी खाजणाच्या बांधावरून, चिखल चुकवत,
बगळ्यांची माफी मागत.
अवसेला मात्र ओली वाळू पाटासारखी घट्ट.

रापण ओढणारे उलटे चालतात, दोर कमरेला.
इब्राहीमचाचा एकदा म्हणाले,
‘श्वास हिसकू नको. जाळं फाटतं.’
त्या दिवशी झाडं मोजायची राहिली.

गुडघा दुखतो. खोटं कशाला बोलू.
दोनदा बूट माळ्यावर टाकले,
दोनदा शिडी लावली.

आज पाच किलोमीटर.
छातीवर नंबर, दोनशे बारा.
बांगडीत तीनच पिना निघाल्या.
चौथी काकूंनी आपल्या मंगळसूत्रातून काढून दिली,
कोपरा नीट बसवला,
आणि विचारलं नाही काहीच.

जाते म्हणू नये.
‘काकू,’ म्हटलं, ‘येते.’