अडकतं, पण वेळेवर

साडेदहाला भाऊजी फ्लेक्सच्या दुकानाचं शटर ओढतात.
आत मशीन थंड होत राहतं,
वाढदिवसांचे हसरे चेहरे एकावर एक वाळत पडलेले,
आणि कोपऱ्यातला तो पीसी,
दिवसभर ज्यानं इच्छुक उमेदवारांचे गाल गोरे केले,
तो रात्री माझा.

मी वर, पत्र्याच्या खोलीत, जुन्या लॅपटॉपवर.
खेळ खाली चालतो, चित्र वर येतं,
मधे दोन स्लॅब आणि हवा.
बावीस चाकांचा ट्रक घेऊन बर्फाचा घाट उतरतो मी
परभणीत, मे महिन्यात, बनियनवर.

आणि मग अडकतं.
फार नाही. एक श्वास.
चित्र थिजतं, हॉर्न चघळल्यासारखा लांबतो,
परत सुरू होतं तेव्हा
ट्रक दरीत, चाकं आभाळाकडं.

आधी कूलरवर संशय घेतला.
पत्र्याचा गडी, पोटात चाळीस लिटर पाणी,
लहरी त्याच्यातच बुडत असतील म्हणून
ढकलत नेला गॅलरीत.
घामानं निथळलो. अडकलंच.
मग लोखंडी कपाट सरकवलं.
मग शेजारच्या दामोधर सरांचा राऊटर सापडला,
आमच्याच चॅनलवर मांडी घालून बसलेला.
सहावरून अकरावर गेलो.
आपला डबा स्टुलावर, स्टूल टेबलावर,
एक अँटेना उभी, एक आडवी.
ताई जिन्यातून म्हणाली,
आता हळदकुंकू तेवढं राहिलंय.

मुज्तबा आला अकराला, केबल ओढायचं काम संपवून,
खांद्यावर अजून तारेचं वेटोळं.
ट्रककडं त्यानं बघितलंही नाही.
काळी खिडकी उघडली, त्यात आकडे पडू लागले:
चार, पाच, चार, चार, चार,
सहाशे बारा.
चार.
"वही दे," म्हणाला. "और घड़ी."

मांडी घालून लिहीत बसला
दूधवाल्याच्या हिशोबासारखं.
अर्ध्या तासानं वही फिरवली माझ्याकडं:
दर दोन मिनिटांनी. सेकंद इकडचा तिकडं नाही.
"देख, बेवक्त अटका तो मौसम.
वक्त पे अटका तो किसी की आदत."

आदत लॅपटॉपची निघाली.
जोडलेला असतो, चांगला पाच कांड्या सिग्नल असतो,
तरी दर दोन मिनिटांनी हातातला हात सोडतो
आणि चौकात जाऊन हाका मारतो,
आणखी कोण आहे का, आणखी कोण?
यादीत होतं काय काय:
लातूरची मेस, खोली नंबर चौदा,
हिंगोलीच्या आत्याचं घर,
जालन्याचं कुठलंसं लॉज, जिथं मी फक्त चहा प्यालो,
धनराजचा फोन, जो त्यानं कधीच विकला.
एवढ्या रात्री यातलं कोण ओ देणार?
आणि मी तोवर बर्फात, स्टेअरिंग धरून.

एक ओळ टाइप केली त्यानं. शोध बंद.
चार, चार, पाच, चार.
मी घाट उतरलो. पूल ओलांडला.
आयुष्यात पहिल्यांदा माल वेळेत खाली केला,
कसला माल होता ते वाचलंसुद्धा नाही.

मुज्तबा जायला उठला, वही तिथंच ठेवून.
तेव्हा दिसला दुसरा रकाना.
अकरा चार. अकरा सहा. अकरा पंधरा.
अकरा सोळा. अकरा एकोणतीस.
"हे काय?"
"ये तू. फोन उलटा रखा, सीधा करके देखा, फिर उलटा रखा."

गुरुवारी पुण्याची मुलाखत झालेली.
कळवतो म्हणाले होते, कधी ते नाही.
घरात कुणाला सांगितलं नव्हतं मी.
त्यालाही नाही.

तो तारेचं वेटोळं खांद्यावर नीट करत राहिला,
बोट रकान्यावरून एकदा खाली नेलं.
"तेरा हिसाब नहीं लगता रे. बेवक्त है."
चप्पल घातली.
"मतलब मौसम है."

मग परत काढली, कारण कूलर गॅलरीतच होता.
दोघांनी ओढला आत.
थोडं पाणी सांडलं, वहीच्या कडेपर्यंत आलं.