कल्लोळच्या नावेत डबा बसवताना

पंचायतीच्या ठरावात लिहिलंय :
बिनतारी नौकानयन माहिती संच, नग एक.
हातात घेतलं तर साबणाच्या वडीएवढा डबा,
आणि मी, निपाणीहून आलेला,
पिशवीत सोल्डरिंग गन, टेप, चपातीची गुंडाळी.

दूधगंगा कृष्णेला मिळते त्याच्या जरा खाली
नाव बांधलेली. बंधारा अजून पाण्याखाली.
बसलिंग अंबी म्हणाला,
"भोक पाडणार असशील तर आत्ताच घरला जा."
भोक नाही मामा, हा कान आतूनच चिकटवायचा,
फायबरमधून त्याला तळ ऐकू येतो.
तो वाकला, नावेचा तळ बोटानं वाजवून पाहिला
कलिंगड घेताना वाजवतात तसा.
"इथं लाव. इथं भरीव आहे."

लाल तार, काळी तार, मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज.
जीपीएसचा अँटेना इंजिनपासून लांब, झेंड्याच्या काठीवर.
हिरवा दिवा लागला
आणि पडद्यावर नुसती खिचडी,
डॉलरच्या खुणा, प्रश्नचिन्हं.
कान बोलत होता चार हजार आठशेच्या चालीनं,
डबा ऐकत होता अडतीस हजार चारशेनं.
"एक हळू सांगतोय, दुसरा घाईत ऐकतोय," मी म्हटलं.
"निधानं ऐक म्हणावं त्याला."
खरंच तेवढंच करायचं होतं.

नेटवर्कला नाव काय देऊ?
नावेला नाव नव्हतंच, शेपटावर सरकारी नंबर.
त्यानं नदीकडं बघितलं. "गंगव्वा घाल."
नदी की माणूस, ते मी विचारलं नाही.

फोन विचारतो : इथं इंटरनेट नाही, तरी राहायचं?
राहायचं.
पुन्हा विचारतो. राहायचं रे बाबा.
तेवढ्यात बसलिंगच्या खिशात मेसेज वाजला :
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
आम्ही अजून दोरसुद्धा सोडला नव्हता.

खोली दाखवली दोन पूर्णांक नऊ.
त्यानं वेळू खुपसला, वर काढला,
ओल्या खुणेला माझा टेप लावला : तीन दोन.
"खोटं बोलतोय."
खोटं नाही मामा. तो स्वतः फूटभर बुडालाय,
आपल्या पायापासून खाली मोजतो.
"मग तू कुठं उभा आहेस ते सांग त्याला."
मी पूर्णांक तीन मिळवले.
वेळू आणि डबा एका आकड्यावर आले
आणि का कोण जाणे, आम्ही दोघंही गप्प बसलो.

"हे घड्याळ?"
घाटावर अकरा वाजलेले, डब्यात पहाटेचे साडेपाच.
ती वरच्या उपग्रहांची वेळ, मी म्हटलं,
आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं.
बसलिंग पडद्याकडं बघत राहिला.

"साडेपाचला मी मध्यात होतो.
झड लागलेली, हात दिसत नव्हता.
शिदव्वाची सून आडवी झालेली ह्या फळीवर,
शिदव्वा तिचं डोकं धरून.
मी हाक मारायचो, हो ऽ ऽ, आणि थांबायचो.
यडूरच्या पायऱ्या असल्या की हाक परत येते.
उसाकडं गेलो तर येतच नाही,
ऊस हाक गिळतो."
किती हाका मारल्या?
"मोजतंय कोण."

मी कानाच्या वायरीवर टेप गुंडाळत राहिलो.
गुंडाळायचं कधीच संपलं होतं.

मग?
"मग काय. पोरगी झाली म्हणून फोन आला मघाशी."
त्यानं ओल्या बोटानं काचेवर टिचकी मारली.
"तुझ्या डब्यात अजून व्हायचीय."

वेळेतला फरक भरायचा राहिला होता,
दोन बटणांचं काम.
म्हटलं, चहा घेऊन करू.

घाट चढताना फोनमधली गंगव्वा
एकेक रेघ कमी होत गेली.
वरच्या पायरीवरून मागं पाहिलं :
ऐकायला कोणी नसताना
हिरवा दिवा लुकलुकत होता,
खोली सांगत, खोली सांगत.