खोलीच्या तापमानाला

उणे एकतीस. उलानबातरच्या बाजारात तिसऱ्या मजल्यावर,
मोबाइलच्या काचा बदलणाऱ्यांच्या मागे
गानसुखचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल,
वायरींचे गुंते,
आणि थर्मासमध्ये मीठ घातलेला दुधाचा चहा.

मी यादी काढते, जमाखर्चाच्या वहीचं मागचं पान.
प्रोसेसर, बोर्ड, रॅम, पंखा.
सगळ्यात खाली, माझ्या अक्षरात नसलेलं: ग्राफिक्स कार्ड,
पुढे प्रश्नचिन्ह,
पुसलेलं आणि पुन्हा काढलेलं.
नोमून दुसरीकडे बघते.
चौदा वर्षांची आहे, पडद्यावर घोडे घडवते,
आणि घोड्याने मान वळवली
की आमचं जुनं मशीन पाच मिनिटं विचारात पडतं.

गानसुखला घाई नाही.
एक ठरलं की दुसरं ठरतं, तो म्हणतो,
प्रोसेसर सांगतो बोर्ड कुठला, बोर्ड सांगतो रॅम कुठली,
सोयरीकच आहे ही, पत्रिका जुळायला हवी.
माझी जुनी रॅम नव्या बोर्डाशेजारी धरून दाखवतो:
खाच जरा सरकलेली,
तांदळाच्या दाण्याएवढी.
तेवढ्यावर आठ वर्षं बाद.

कार्ड तो स्वतःच काढतो, खोक्यातून,
दोन हातांनी, तान्हं उचलावं तसं.
तीन पंखे. लांबी बघून मी हसते,
आमच्या डब्यात हे मावायचं म्हणजे
नाकापेक्षा मोती जड.
नोमून हसत नाही.
तिने घरून सुतळीने माप आणलंय. मावतं.

मग तो विचारतो, राहता कुठे?
वर, टेकडीवर, मी म्हणते. गेरवस्तीत.
सहा वाजता दिवे पिवळे पडतात का?
पडतात. सगळ्यांचे हीटर एकदम लागतात.
तो कार्ड परत खोक्यात ठेवतो
आणि टेबलाखालून एक काळी, जड, कुरूप वीट काढतो.
पॉवर सप्लाय.
यात काटकसर करू नका. हा गेला तर एकटा जात नाही.

आकडेमोड माझा धंदा आहे.
तरी तीनदा करते.
वीट आणि कार्ड एका पगारात बसत नाहीत.
चित्र प्रोसेसरही दाखवेल, गानसुख हळूच म्हणतो,
जरा सावकाश. कार्डाची जागा रिकामी राहील,
जागा कुठे पळून जात नाही.
नोमून वहीतलं प्रश्नचिन्ह खोडते.
या वेळी पेनने.

घरी दार लावताच माझा चष्मा पांढरा होतो.
तेच, तो बजावून सांगत होता, आतमध्येही होईल,
पट्ट्यांवर दव धरेल, उघडू नका,
चार तास. शेगडीजवळ नको.
खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

म्हणून खोका दारापाशी, बुटांच्या रांगेत,
परगावच्या पाहुण्यासारखा अवघडून.
तोवर जुना डबा उघडतो.
पंख्यावर आठ हिवाळ्यांचा कोळसा,
बोटाने ओढला की लोकरीसारखा निघतो.
तळाशी चिकटपट्टीने डकवलेली काडेपेटी:
आत जास्तीचे स्क्रू, सात,
आणि माझ्या भावाच्या अक्षरात
"लागतील."
तो आता इन्चॉनला वेल्डिंग करतो.
फोनवर म्हणाला होता, टाकून दे तो डबा, ताई,
लॅपटॉप घे.
काडेपेटीबद्दल बोलला नव्हता. विसरला असेल.

नऊ. दहा.
नोमून बसल्या बसल्या कलंडते, हातात स्क्रूड्रायव्हर.
अकराला मी खोक्याची कड उचलून
उलटा हात आत घालते, ताप बघावा तसा.
वीट अजून गार.
पंखा बरा आहे.

साडेबाराला सगळं माझ्याएवढं झालं.
जोडता मला येतं, भावाने शिकवलं होतं,
पाच स्क्रू त्याचेच लागले.
दोन पेटीत परत ठेवले, पेटी होती तिथे.
शेजारी लांबट रिकामी खाच.
तिच्यावरची धूळ पुसली.

बटण दाबलं नाही.
ते सकाळी, शाळेच्या आधी, तिचं.
शेगडीत दोन ढेकळं टाकली
आणि कुत्री भुंकायची थांबेपर्यंत
डब्याशेजारी बसून राहिले.