बेचाळीस मडकी

आर्तत्राणबाबू, तुम्ही भुवनेश्वरला मंत्री झालात
तेव्हा आमच्या तालपद्यात फटाके कुणाकडे नव्हते.
पोरांनी ओल्या बांबूच्या कांड्या जाळात टाकल्या,
त्या फुटल्या.
मी आव्याला माती लिंपत होतो,
हात भरलेले, म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत.
राग नसावा.

मला आठवतं ते असं:
चैत्र सरत आलेला, खाडीला उधाण,
तुम्ही कोर्टातली कारकुनी सोडून आलेले,
पोटऱ्यांपर्यंत चिखल.
म्हणालात, पाणू, मडकी हवीत. रुंद तोंडाची, जाळ सोसणारी.
किती?
जितकी फुटतील तितकी.
असली मागणी कुणा कुंभाराला आजवर आली नसेल.

मी रात्रभर चाक फिरवलं. बायको पोटुशी, तिनं माती मळली.
सकाळी तुम्ही खारं पाणी गाळून चुलीवर ठेवायचात,
दुपारी दारोगा यायचा,
शिपाई लाठीनं मडकी फोडायचे,
मडकी संपली की तुमचे खांदे.
तिन्हीसांजेला तुमचा मुलगा दारात: पाणूकाका, आणखी सात.
शेवटची तर अर्धीकच्चीच दिली मी.
ती वाऱ्यानंही तडकली असती.

मीठ निघालं ते करडं, मळकं.
पखाळभातात टाकलं की दाताखाली रेती.
तेवढं गोड काही मी पुन्हा खाल्लं नाही.

तुम्ही कटकच्या तुरुंगात गेलात.
मी नाही गेलो. मला कुणी पकडलंच नाही.
दारोग्यानं खापरं पाहिली,
मडकं घडवलं कुणी, ते विचारलं नाही.
खापर फोडायला त्याला डोकी पुरेशी होती.

मग स्वराज्य. मग पत्र्याच्या पेट्या, बोटाला शाई.
तुम्ही जीपमधून आलात, गळ्यात झेंडू,
आणि तोंडात असे शब्द जे आमच्या घाटावर पिकत नाहीत:
योजना, अनुदान, समिती.
पूल होईल म्हणालात.
झाला, खोटं का बोलू,
फक्त दोन कोस वर, गिरणीवाल्याच्या बांधाला लागून.
लोक मला विचारायचे, बाबू खाल्ल्या मिठाला जागले का रे?
मी म्हणायचो, मीठच मळकं होतं,
फारसं लागत नव्हतं.

पेन्शन निघाली तेव्हा मी आलो तुमच्याकडे.
चपराशानं तीन तास बाकावर बसवलं.
तुम्ही अर्ज वाचलात, चष्मा काढलात:
पाणू, इथं विचारलंय, तुरुंगात किती महिने.
शून्य लिहिलंय, बाबू.
शून्यावर मला सही करता येत नाही रे.
आणि पेन धरून बसून राहिलात,
लाठीनं मोडलेलं बोटाचं पेर अजून वाकडं.
मला वाटलं, खोटं लिहाल. वाटलं, लिहावं.
मग वाटलं, नको.
पंखा फिरत होता.
तुम्ही एवढंच म्हणालात, बेचाळीस होती ना?
बेचाळीसच.
कुठल्याच कागदावर नसलेला आकडा
तुम्हाला तोंडपाठ.

यंदा हरलात.
परवा बसमधून उतरलात, एकटेच.
चहाच्या टपरीवर कुणी उठून उभं राहिलं नाही,
एकानं नुसती विडी लपवली.
माझ्या ओसरीवर टेकलात, म्हणालात, माठ दे एक,
बंगल्यातला फ्रिज सरकारचा होता.
वाकड्या पेरानं वाजवून पाहिलात,
खणखणीत.
पैसे मोजलेत. मी घेतले.

सून आतून बोलली, त्यांच्याकडून कसे घेतलेत?
तिला काय सांगू.
माठाचं माठापाशी.
त्या बेचाळिसांचा विषय तुम्ही काढला नाहीत,
मी तर नाहीच नाही.
येणं असलं की येणं राहतं.

छत्री विसरलात, बाबू.
खुंटीला लावून ठेवली आहे.