इनोकुमाचा गुडघा

क्योतोच्या पश्चिमेला, सिनेमे बनतात त्या गल्लीत
मी लोकांची अंगं रगडून देतो.
पस्तीस वर्षं झाली. माझी शिट्टी ऐकली की
खाणावळीतल्या बाया म्हणतात,
आले आंधळे शिगेझो, पाणी तापवा.

एका रात्री नायक आला. सेगावा.
खांदे लाकडाचे, मानेला महागड्या तेलाचा वास.
म्हणाला, आंधळा तलवारबाज करतोय,
तुम्ही कसे चालता ते दाखवा.
मी चाललो. चुलीपासून दारापर्यंत,
दारापासून चुलीपर्यंत.
"एवढंच?"
त्याला हवे होते हवेत चाचपडणारे हात,
आभाळाकडे कललेली मान.
म्हटलं, अहो, हवेत काय असतं चाचपडायला?
भिंत जवळ आली की गालाला कळते.
माणूस जवळ आला की तो काय जेवलाय ते कळतं.
तो हसला.
पैसे मात्र दुप्पट दिले, खोटं कशाला बोलू.

चेरी गळून गेल्यावर सिनेमा लागला.
सून घेऊन गेली, मित्सुए.
दाण्यांची पुडी माझ्या मांडीवर,
तिचं तोंड माझ्या कानाशी:
आता पूल आहे. धुकं आहे. सात जण आहेत.

तलवार निघाली.
म्यानातून निघताना एवढी गाते होय?
आजोबांकडे होती एक. ती निघायची तेव्हा
सापाने कूस बदलावी, एवढाच आवाज.
आणि मांस कापल्याचा जो आवाज आला
तो मी लगेच ओळखला. कोबी.
ओल्या फडक्यात गुंडाळलेला कोबी.
मित्सुए दचकून माझं मनगट आवळत होती
आणि मला भूक लागली.

मग पहिला माणूस मेला.
वर चढता चढता मध्येच खरवडणारी किंकाळी,
आणि पडताना आधी उजवा पाय,
मग, थोडं थांबून, डावा.
मी ताठ झालो.
हा गुडघा आठवड्यातून दोनदा माझ्या हातात असतो.
घोड्यावरून पडला होता,
दुसऱ्याच कुठल्या नायकाच्या वतीने.

पुलावर मेला. मग देवळाच्या पायऱ्यांवर.
"हा कुणी दाढीवाला," मित्सुए कुजबुजली.
म्हटलं, नाही गं, इनोकुमा.
मग तांदळाच्या कोठारात, एका डोळ्याचा दरोडेखोर.
इनोकुमाच.
आणि शेवटी बर्फात, दुष्ट सरदाराचा उजवा हात.
(ते मीठ होतं. खरा बर्फ असा करकरत नाही.)

पडद्यावरच्या त्या आंधळ्याला म्हणे
पाकोळीचे पंखही ऐकू येतात.
आपण एकाच माणसाला चारदा मारतोय
हे काही त्याच्या कानावर आलं नाही.
आणि आजूबाजूला तीनशे डोळस माणसं
टाळ्या वाजवत होती.

मंगळवारी इनोकुमा आला.
पाय पसरला. नेहमीसारखा गप्प.
वाटीखाली अंगठा रोवत मी म्हटलं,
बर्फातलं मरण छान जमलं.
कोठारातलं जरा घाईत झालं.

त्याचा श्वास अडकला.
बराच वेळ फक्त किटली बोलत होती.
मग म्हणाला, पुढच्या मरणाचे कपडे चढवायचे होते,
ओरडत होते तिकडून.
आणि पुन्हा बऱ्याच वेळाने,
"आईने तीनदा पाहिला. पहिल्या रांगेत बसून.
घरी येऊन विचारते, तू कुठे होतास?"

मी काही बोललो नाही.
गुडघ्यात पाणी झालं होतं. तेवढं सांगितलं,
आणि सांगितलं की यापुढे
उजव्या कुशीवर मरत जा.