पाचशे शब्द

शिष्यवृत्तीचा निबंध पाचशे शब्दांत हवा होता,
माझा भरला पाचशे बारा.

दाभोळच्या जेटीवर, जिथं रेंजच्या दोन दांड्या येतात,
तिथं बसून खोडत गेले.
'गुडघाभर' गेलं, 'चिखलात' गेलं,
'ओहोटीला', तेही.
मग एक अख्खं वाक्य, नऊ शब्दांचं:
तिसरी कुठं श्वास घेते ते
बोट रोवून दाखवते शेवंताआते.

शास्त्रीय नाव ठेवलं.
'नेतृत्वाचा अनुभव'मध्ये
एनएसएसचं शिबिर शाबूत राहिलं.

अकरा बावन्नला अर्ज गेला.

सकाळी आते विळीवर तिसऱ्या उघडत होती,
मांसाची शिंपी टोपात,
दुसरी मागं.
"माझं नाव घातलंस गो?"
म्हटलं, घातलं.
तिनं मान न उचलता
रिकामी शिंपी मागं टाकली.